ढोलाला बोट लावायचं नाही

नवा मढवलेला ढोल गाडीत घेऊन सहलीला जाऊ नये. जायचंच असेल तर सोबत सासरे नसावेत. आणि सासरे असतीलच, तर ते निदान एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर नसावेत. मी या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत केल्या आणि धडधाकट परत आले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी धाराशिवच्या कोर्टात कारकून आहे. माझी मुलगी ऋतुजा सोलापूरला इमारतींची रचना शिकते. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या मुसलमानी इमारती बघून त्यांच्या कमानी कागदावर उतरवून आणा, असं तिला कॉलेजनं सांगितलं होतं. तिचा बेत विजापूरचा होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बशीत चहा ओतत म्हणाले, "विजापूरला कशाला? परंडा हाय, नळदुर्ग हाय. आपल्या जिल्ह्यात कमानी काय कमी हायत का? आन् जाता जाता वाशीतनं माझा ढोल बी आणता येईल."

खरी गोष्ट ढोलाची होती, कमानींना त्यांनी नुसतं पुढं केलं होतं.

आमचं मूळ घर बेंबळीजवळच्या एका वाडीवर. वाडीत धनगरांची आणि शेतकऱ्यांची घरं, मुसलमानांची मोजकीच, आणि शिवेवर सगळ्यांचा मिळून एक पीर. उरसाला पिरासाठी उगाळलेलं चंदन वाटीत घालून वाजतगाजत नेतात, त्याला संदल म्हणतात. त्या संदलापुढं आमच्या घरचा ढोल वाजतो. आधी आजेसासरे वाजवायचे, आता मामंजी वाजवतात. गेल्या वर्षी निम्म्या वाटेत ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, टरकन फाटलं आणि पुढचा सगळा संदल मुक्यानं गेला. मयतीला निघाल्यासारखी माणसं चालली होती. तेव्हापासून वाडीतली पोरं म्हणायला लागली, ढोल बंद, आता डीजे. बाबू मुजावर, जे पिराची सेवा करतात आणि मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त आहेत, त्यांनी कसंबसं एक वर्ष मागून घेतलं होतं. यंदा ढोल नीट वाजला तर ढोल, नाही तर पुढच्या वर्षीपासून डीजे. मामंजींनी त्या दिवसापासून गुलाबजाम सोडला. धाराशिवात राहून गुलाबजाम सोडणं काय असतं, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल.

त्यात एक रीत आहे. ढोल नव्यानं मढवला की पहिला ठोका पिराच्या पायरीशी पडला पाहिजे. त्याआधी कुणी बोट जरी वाजवलं तरी ढोल उष्टा झाला. उष्टा ढोल पिराला चालत नाही, पान काढून परत मढवावा लागतो. उरूस तीन दिवसांवर आला होता, म्हणजे परत मढवायला सवड नव्हती.

आणखी एक सांगायचं राहिलं. एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी दिली की ड्रायव्हर गाडी सोडतो. मामंजींच्या नशिबी जन्मभर घंटीची दोरी तुटलेल्या गाड्या आल्या, त्यामुळे ते घंटीऐवजी पत्र्यावर दोन थापा मारायचे. याला ते ‘डबल’ म्हणतात. घरच्या गाडीतही तेच. ते पुढं खिडकीशी बसतात, हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारतात आणि मगच माझा नवरा गिअर टाकतो. थापा पडल्या नाहीत तर तो तसाच बसून राहतो, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. आमच्या वरातीत मी नवी नवरी होऊन गाडीत बसले होते, मामंजी कुणाशी तरी बोलत उभे होते, आणि नवरदेवानं ड्रायव्हरला गाडी हलवू दिली नव्हती. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

वाशी

वाशीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या, बाजारामागं दशरथ ढोलवाल्याचं पत्र्याचं शेड आहे. आम्ही पोचलो तेव्हा शेडमधल्या सगळ्या कोंबड्या डालग्याखाली कोंडलेल्या होत्या आणि आतून फार वाईट बोलत होत्या.

"ह्यांना काय झालं?" मी विचारलं.

"तुमचा ढोल झाला," दशरथ म्हणाला. "एखादीनं चोच मारली तर अण्णा माझा जीव घेतील. आठवडा झाला कोंडून. अंडी बी द्यायना झाल्यात."

ढोल जुन्या साडीत गुंडाळून आढ्याला टांगला होता. खाली उतरवला तेव्हा मामंजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पण हात पाठीमागं बांधून. दोन्ही पानं नवी, दोऱ्या नव्या, लाकडाला तेल लावलेलं. मामंजींचा चेहरा असा झाला होता की मला उगाचच भरून आलं.

"बोट लागलं न्हाय ना दशरथ?"

"न्हाय ओ अण्णा. बाकीचं गिऱ्हाईक दहादा बडवून बघतंय आन् मग नेतंय. तुमच्या ढोलानं माझी झोप घालवली. मीच केलाय आन् मलाच ठाव न्हाय, वाजतोय का न्हाय त्यो."

"वाजंल की."

"वाजंल म्हणता, पण कसा? मी उरसाला येणार हाय बघा. माझ्या कानानं ऐकल्याबगर मला चैन पडायचं न्हाय."

मामंजींनी पाठीमागचे हात आणखी घट्ट बांधले. तोवर त्यांच्या मनात ही शंका आलेली नव्हती, दशरथनं ती फुकटात दिली.

ढोल गाडीच्या मधल्या सीटवर बसवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आणि ढोलाला सीटबेल्ट. ऋतुजा सामानासकट मागं. मामंजींनी दारावर डबल दिली आणि आम्ही निघालो. वाशीच्या बाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी उडाली आणि ढोल आपला आपणच घुमला. अगदी हलकं, घशातल्या घशात.

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. मामंजींनी मान वळवून आत्याबाईंकडं पाहिलं. आमच्या घरात रीतीभातीचा शेवटचा निकाल त्या देतात, त्यावर अपील नाही.

आत्याबाईंनी विचार केला. "त्यो वाजला न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यो कण्हला."

मामंजींनी सुस्कारा सोडला. पण असा प्रत्येक खड्ड्यात कण्हायला लागला तर वाडी येईपर्यंत त्याचं बोलणं सुरू व्हायचं, म्हणून त्याला काहीतरी जाड पांघरूण घ्यायचं ठरलं.

भूमच्या अलीकडं

भूमच्या अलीकडं एका वस्तीवर घोंगड्या विणणारं एक जोडपं आहे. आत्याबाईंचं माहेर मेंढ्यांचं, त्यांना अशी घरं न विचारता सापडतात. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता, बायको अंगणात ताणलेल्या लोकरीच्या धाग्यांवर कुंचा फिरवत होती.

आत्याबाईंनी एकेक घोंगडी चिमटीत धरली, चोळली, मग नाकाला लावून हुंगली.

"ही हिवाळ्यातली लोकर न्हाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुमी पोलिसात हुता का?" विणकर म्हणाला. "नाकानं घोंगडी घेणारं गिऱ्हाईक लई दिसांनी आलं."

त्यांचं हे चाललं असताना मला अंगणात चुलीवर एक पातेलं दिसलं. त्यात काहीतरी तपकिरी, दाट, चकचकीत रटरटत होतं. आता भूमचा खवा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या भागात चुलीवर जे जे शिजतं ते खवाच असतं, अशी माझी पक्की समजूत होती. सकाळपासून पोटात दोन बिस्किटं. मी उलथन्याचं टोक हळूच बोटाला लावलं, फुंकलं आणि बोट तोंडात घातलं.

"अगं बाई!" विणकराची बायको कुंचा टाकून धावली. "ताई, ती खळ हाय! चिंचोक्याची! धाग्याला लावायची!"

चिंचोक्याची खळ कशी लागते, ते मी लिहू शकते, पण तेव्हा बोलू शकत नव्हते. टाळू आणि जीभ एक झाली होती. ऋतुजा हसून हसून गाडीला टेकली. विणकर मागातून म्हणाला, "आता ताईंच्या दातांना किडा लागायचा न्हाय." नवऱ्यानं पाण्याची बाटली दिली, पण आधी फोटो काढला, हे मी विसरलेले नाही.

त्या बाईनं मग खरंच घरातला वाटीभर खवा आणून साखर घालून समोर ठेवला. मी तिला तिथल्या तिथं माफ केलं, म्हणजे चूक माझीच होती तरी.

ढोल काळ्या घोंगडीत गुंडाळला गेला. घोंगडीला मेंढीचा सणसणीत वास होता. आत्याबाई त्या वासानं माहेरी गेल्यासारख्या खुलल्या, नवरा शिंकायला लागला, आणि पुढचे दोन दिवस तो डबल पडली की आधी शिंकायचा आणि मग गिअर टाकायचा.

परंडा

परंड्यात माझी नणंद राहते, मुक्काम तिच्याकडं झाला. तिच्या सासूबाईंनी ढोलासाठी वेगळी चटई घातली. आम्हा पाचजणांना मिळून दोन होत्या.

सकाळी किल्ल्यात गेलो. ज्यांनी परंडा पाहिला नाही त्यांनी खरोखर जावं. डोंगरबिंगर काही नाही, सपाट गावात एकदम खंदक, त्यामागं तटबंदी, आणि बुरुजाबुरुजावर तोफा पडल्या आहेत. विजापूरची ती प्रसिद्ध मोठी तोफ एके काळी इथंच होती म्हणतात. आत दगडी मशीद आहे, खांबांच्या रांगाच रांगा, बाहेर ऊन तापलेलं असलं तरी आत शिरलं की अंगाला गारवा लागतो. आम्ही चपला बाहेर काढल्या, आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला, मामंजींनी टॉवेल. गावच्या देवळात शिरताना करतो तेच केलं, कुणी शिकवायला लागलं नाही.

ऋतुजा एका खांबाशी वही उघडून बसली आणि कमान किती केंद्रांवरून काढतात ते सांगू लागली. मामंजींनी लक्ष देऊन ऐकलं. मग वर छताकडं बघत म्हणाले, "हितं ढोल काय घुमला असता!" आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

किल्ला बघताना त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला होता. अरुंद दिंडी दरवाजात एका शाळेची सहल अडकली होती. "म्होरं सरका, म्होरं सरका, मधी कुणी थांबायचं न्हाय," असं म्हणत त्यांनी साठसत्तर पोरं दिंडीपार केली. त्यांच्या बाईंनी आभार मानले आणि तुम्ही पुरातत्त्व खात्यातले का, असं विचारलं. मामंजी नाही म्हणाले, पण जरा उशिरा.

मग बुरुजावर एका तोफेजवळ उभे राहून त्यांनी तिचं तोंड, तिची नक्षी सगळं न्याहाळलं, आणि निघायची वेळ झाली तशा तोफेच्या पाठीवर दोन थापा मारल्या. खाली तटाशी माझा नवरा फोनवर बोलत उभा होता. तो बोलता बोलता चालायला लागला. कुठं चाललोय ते त्यालाही माहीत नव्हतं. खंदकाकडं जायच्या आत ऋतुजानं त्याला हाक मारली म्हणून बरं.

तुळजापूर

बार्शीमार्गे तुळजापुरात आलो तर रस्ता तुडुंब. गाडी एका मोकळ्या जागेत लावत होतो, तेवढ्यात शिट्टी गळ्यात अडकवलेला पार्किंगवाला आला. मधल्या सीटवर काळ्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल सीटबेल्ट लावून बसलंय, हे पाहून त्यानं दार उघडलं आणि हातातली काठी उचलली. "हे काय हो?" म्हणत तो काठीनं त्यावर ठोकणार, इतक्यात आम्ही पाचही जण एकदम ओरडलो, "नको!"

पाच माणसं एका सुरात ओरडली की गर्दी जमते. पार्किंगवाला काठी टाकून मागं सरला.

"आत काय हाय?" कुणीतरी विचारलं.

मामंजी हात जोडून म्हणाले, "त्याला हात लावू नका. परवापस्तोर कुणाची बोटं लागायची न्हायत त्याला."

खरं तर उरूस दुसऱ्याच दिवशी होता. घाबरले की मामंजींच्या तोंडून वार चुकतात. पण तेवढं वाक्य पुरलं. देवीच्या गावात, घोंगडीतलं, शिवायचं नाही असं काहीतरी! एका बाईनं चप्पल काढून लांबूनच नमस्कार केला. दुसरीनं पदराच्या गाठीचं हळदकुंकू काढलं आणि घोंगडीवर टाकलं, न शिवता, वरून. मग रांगच लागली. शेजारी कवड्यांच्या माळा ओवत बसलेला म्हातारा उठून आला आणि त्यानं एक माळ त्यावर घातली. माळ करायची कशी, हे ऋतुजाला बघायचंच होतं, तर त्यानं तिला तिथंच बसवून शिकवलं. कवडीची पाठ घासून भोक पाडायचं, दोरा दुहेरी घ्यायचा, गाठ आत लपवायची. तो काही केल्या माळ परत घेईना. "देवाला घातलेली काढू ने," म्हणाला.

"कोणता देव हाय पण?" एकीनं शेवटी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मी कोर्टात लोकांना शपथा घेताना रोज बघते, खोटं बोलणं मला जमत नाही. "बेंबळीकडं पीर आहे, त्यांच्याकडं निघालेत," मी म्हणाले.

बाईनं मान हलवली. "देवीला भेटून मग पिराकडं. बरोबर हाय." आणि उरलेलं कुंकूही टाकून गेली. पार्किंगवाल्यानं आमची गाडी सावलीत लावून दिली.

नळदुर्ग

रात्र तुळजापुरात काढून सकाळी नळदुर्ग गाठलं. किल्ल्यातून बोरी नदी वाहते आणि तिला आदिलशाहीत असा दगडी बांध घातलाय की बांधाच्या पोटातच महाल आहे. बांधावरून पाणी पडत असताना तुम्ही आत बसून ते खिडकीतून बघायचं. त्या माणसांना काय काय सुचत होतं! आमच्या घराचं छत गळतं तेव्हा आम्ही बादली ठेवतो, यांनी खाली नक्षीदार सज्जा बांधला.

पाणी पडण्याच्या दोन वाटा आहेत, त्यांना नर आणि मादी म्हणतात. यंदा पाऊस चांगला झाला होता, तरी आम्ही गेलो तेव्हा नर थांबला होता आणि मादी धो धो चालू होती. आत्याबाई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. "गडी दमला," त्या म्हणाल्या, "बाई अजून कामातच हाय." शेजारी उभ्या असलेल्या तीन अनोळखी बायका एकदम हसल्या आणि एकीनं त्यांना डब्यातली शेंगापोळी दिली.

ढोल आम्ही सोबत आणला होता. नवऱ्यानं तो घोंगडीसकट छातीशी धरून उतरवला होता, कारण मामंजी त्याला गाडीत एकटा सोडायला तयार नव्हते. पाणीमहालात ढोल मधोमध ठेवून आम्ही भोवती बसलो. पाण्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

मामंजी कुणाच्या कानाशी न जाता बोलायला लागले, म्हणून मीच पुढं सरकले.

"दशरथनं घोळ घातला," ते म्हणत होते. "डोक्यातनं जाईनाच झालंय. आज सांजच्याला सगळ्यांम्होरं ठोका टाकला आन् फदफद वाजला तर? बाबूनं माझ्यासाठी शब्द टाकलाय. पोरं हसत्याल, त्याचं काय न्हाय. पण बाबू हसायचा न्हाय, त्यो गप बसंल. ते मला बघवायचं न्हाय."

ऋतुजा त्यांच्या दुसऱ्या कानाशी गेली. "आबा, इथं एकदा हळूच वाजवून बघा की. इतक्या पाण्यात कुणाला ऐकू जातंय? एकदाच. म्हणजे तुमच्या जिवाला शांतता."

तिनं बापाला खूण केली. नवऱ्यानं घोंगडीची गाठ सैल केली. नवं पान दिसलं. मामंजींचा हात उचलला गेला, पानाच्या वर आला, तिथंच थांबला. कोर्टात निकाल वाचला जाताना मी आरोपींचे चेहरे पाहिले आहेत, पण असा काट्यावर तोललेला माणूस पाहिला नव्हता.

त्यांनी हात मागं घेतला. "पिराला ऐकू जातंय," ते म्हणाले आणि घोंगडी परत गुंडाळली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उठून त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "अगं, पाय घसरंल, बस."

बाहेर आलो ते सगळे हलके होऊन. सगळ्यात अवघड परीक्षा पार पडली होती. आता इथून सरळ वाडी, संध्याकाळी संदल. मामंजी म्हणाले, "आता शेवटच्या टप्प्याला कुणावर भरवसा नको. ढोल मी धरतो." आणि ते पुढची सीट सोडून मधल्या सीटवर, आमच्या दोघींच्या मधोमध बसले. ढोल मांडीवर घेतला, घोंगडी बाजूला केली, म्हणाले, "जरा वारा लागू दे त्याला, घामट झालाय." दोन्ही हातांनी ढोलाला मिठी मारली. कवड्यांची माळ ढोलाच्या दोरीला बांधली होती.

नवरा शिंकला. चावी फिरवली. आणि वाट बघत बसला.

मामंजींकडं खिडकी नव्हती. दार नव्हतं. पत्रा नव्हता.

"अण्णा," नवरा आरशात बघत म्हणाला, "डबल."

आणि तीस वर्षं एसटीच्या पत्र्यावर पडलेला तो उजवा हात, पाणीमहालात स्वतःला आवरून धरलेला तो हात, मालकाला न विचारता वर गेला आणि खाली आला.

ढुम. ढुम.

नवऱ्यानं गिअर टाकला आणि गाडी निघाली.

आवाज तर काय होता! खणखणीत, भरलेला, माझ्या बरगड्यांत शिरला आणि तिथंच राहिला. ढोल उत्तम वाजत होता, आणि हे आम्हाला अजिबात कळायला नको होतं.

किल्ला मागं पडल्यावर आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मला काय ऐकू आलं न्हाय."

"मी रस्त्याकडं बघत होतो," नवरा म्हणाला.

"माझ्या कानात गाणी होती," मागून ऋतुजा म्हणाली. तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोर्टातली बाई. "साक्षीदाराला विचारल्याशिवाय त्यानं बोलायचं नसतं," मी म्हणाले. उलटतपासणीत टिकला नसता असा पुरावा, पण चौघांनी मिळून दिला होता. मामंजी ढोलाला मिठी मारून वाडीपर्यंत तसेच बसले. वाटेत गतिरोधक आले, आम्ही थांबलो, निघालो, पण डबल पडली नाही. नवरा पहिल्यांदाच आपल्या मनानं गाडी सोडत होता आणि प्रत्येक वेळी ती बंद पडत होती.

वाडी

पिराच्या कट्ट्यावर सगळी वाडी जमली होती. निंबाला दिवे, मलिद्याचा वास, चंदनाची वाटी चादरीखाली. एका बाजूला पोरांचा घोळका, डीजेवाल्याचा नंबर फोनमध्ये तयार ठेवून. दशरथ वाशीहून आधीच येऊन पुढच्या रांगेत बसला होता, डोक्याची टोपी काढून, म्हणजे कानांवर काही यायला नको.

बाबू मुजावर पायरीवर उभे होते. मामंजी ढोल गळ्यात अडकवून चालत गेले. पायरीशी थांबले. लाकडी टिपरू त्यांनी ढोलाला लावलं नाही. ते वाकून पायरीवर ठेवलं.

"बाबू," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ढोल उष्टा झाला. पयला ठोका पडलाय. नळदुर्गात. माझ्याच हातनं."

आत्याबाईंनी डोळे मिटले. पोरांमध्ये कुजबूज झाली. दशरथ अर्धा उठला. मला वाटलं, आता आपण सगळ्यांनी पुढं होऊन सांगावं की आम्ही काही ऐकलं नाही, पण तोवर उशीर झाला होता.

बाबूचाचांनी पायरीवरच्या टिपरूकडं पाहिलं. "किती ठोके पडले अण्णा?"

"दोन."

"दोनच? लागोपाठ?"

"व्हय. डबल दिली. सवयीनं गेला हात."

"मग गाडी निघाली का?"

मामंजी गोंधळले. "निघाली की. डबलवर निघणारच."

"कुठं निघाली?"

"हिकडंच. पिराकडं."

बाबूचाचांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मग उष्टा कसा झाला ओ? तुमी पिराच्या गाडीला डबल दिली. संदल नळदुर्गातनंच निघाला म्हणायचा, आन् आमी येडे हितं वाट बघत बसलोय." ते खाली वाकले, टिपरू उचललं आणि मामंजींच्या हातात दिलं. "जन्मभर तुमच्या गाडीतनं फिरलो. डबल दिल्याबगर कधी हललोय का आपण? चला, द्या."

मामंजींचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांच्याकडं मोकळा हात नव्हता. दशरथ ओरडला, "अण्णा, द्या ना लवकर, माझा जीव चाललाय!" पोरं हसली. त्यातल्या एकानं फोन खिशात टाकला. त्यानंही एसटीतून शाळा केली होती, बहुतेक मामंजींच्याच गाडीतून.

मामंजींनी टिपरू बगलेत धरलं आणि उजवा तळवा वर नेला.

ढुम. ढुम.

आणि अख्ख्या उरसात पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या नवऱ्यानं. कट्ट्याच्या पार मागं, हातात मलिद्याचा द्रोण घेऊन तो उभा होता. तो शिंकला आणि चालायला लागला, आणि त्याच्या मागोमाग पिराचा संदल निघाला.